पहिलीचा वर्ग आधी तुम्ही घ्या

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. मी जालना जिल्ह्यात, मंठा तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत प्रभारी मुख्याध्यापक आहे. नोकरीला चोवीस वर्षं झाली, या शाळेत सहावं वर्ष. पहिली ते पाचवी, पट ४६, शिक्षक आम्ही दोघंच. जूनमध्ये एक शिक्षणसेविका रुजू झाल्या. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड, गाव कोल्हापूरकडे, शिरोळ तालुक्यात. वय सव्वीस. मोबाइलवरची सगळी कामं त्या झटपट करतात, तेवढाच मला आधार. त्यांना पहिली-दुसरी दिली आहे. मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, ती मॅडमना कळत नाही. वर्ग आवरत नाही. मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत ऑफिसात बसून रडल्या. मी दारात जाऊन उभा राहिलो की शिकवणं थांबवतात आणि फळा पुसायला लागतात. आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, तिथे एक शब्द बोलत नाहीत. या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख म्हणतात, "सांभाळून घ्या, मार्गदर्शन करा." मी चार गोष्टी सांगतो, त्या मान हलवतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन वर्षांपूर्वी असेच एक सर आले होते. चांगला मुलगा. तलाठी भरतीत नाव लागलं आणि वर्षाच्या आत गेला. जाताना म्हणाला, "सर, इथे मी एकटाच होतो." मी रोज त्याच्या शेजारच्या खोलीत होतो, ताई. ते वाक्य डोक्यातून जात नाही. या मॅडमच्या बाबतीत तसं व्हायला नको. मी काय करू?

उत्तर

सर, नमस्कार.

शेजारच्या खोलीतल्या माणसाला एकटं वाटलं, हे ऐकून तुम्ही अजून अस्वस्थ आहात. हे वाचून मला तुमच्याविषयी आदर वाटला. बरेचजण "आजकालच्या पोरांना टिकायचंच नसतं" असं म्हणून मोकळे होतात. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, म्हणून मीही तुम्हाला स्पष्टच लिहिते. थोडं लांबेल.

आधी पहिलीच्या वर्गाचं बघू. नवीन माणूस आला की त्याच्या हातात पहिली-दुसरी द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. चौथी-पाचवीला शिष्यवृत्ती, नवोदय असतं, ते अनुभवी माणसाकडे. लहान मुलांना काय, गाणी म्हणून घेतली तरी चालतं, असा त्यामागचा हिशेब. मी सत्तावीस वर्षं शिकवलं, पुढे अध्यापक विद्यालयात शिकवलं, आणि या हिशेबाइतकं नुकसान आपल्या शाळांचं दुसऱ्या कशानं झालेलं मी पाहिलं नाही. पहिलीला शिकवणं हे शाळेतलं सगळ्यात अवघड काम आहे. तांड्यावर तर ते दुपटीनं अवघड होतं, कारण तिथे मूल अक्षरं शिकायच्या आधी एक अख्खी भाषा शिकत असतं आणि शिकवणाऱ्याला मात्र वाटत असतं की आपण फक्त अक्षरं शिकवतोय.

एका तांड्यावरच्या शाळेत मी पाहिलेलं सांगते. बाईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर छडी ठेवली. मांडीवर बाळ घेतलेल्या बाईचं चित्र. "हे कोण?" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "याडी!" बाई म्हणाल्या, "चूक. आई. आ आईचा." पुन्हा विचारलं, "हे कोण?" आता निम्मा वर्ग गप्प होता, दोन-तीन मुलं हळूच "आई" म्हणाली आणि मागच्या रांगेतली एक मुलगी चित्राकडे बघत बसली होती. तिचं उत्तर बरोबर होतं. चित्रात आईच होती. तिला वर्षभरातला पहिला धडा हा मिळाला, की शाळेत आपल्या आईला याडी म्हणायचं नसतं. त्या बाई काही कठोर नव्हत्या. अतिशय कळवळ्यानं शिकवत होत्या. "याडी म्हणजे आई, आधी याडी म्हणू दे, मग आई म्हणायला शिकव" हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. डी.एड.च्या दोन वर्षांत सांगितलं जात नाही, टीईटीत म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत विचारलं जात नाही, भरतीच्या अभियोग्यता चाचणीत तर नाहीच. ते फक्त शेजारच्या वर्गातला माणूस सांगू शकतो. तुम्ही सहा वर्षं तिथे आहात. तुम्हाला गोरमाटी समजत असणार, थोडी बोलताही येत असणार.

म्हणून माझा पहिला सल्ला: उद्यापासून रोजचा पहिला तास पहिली-दुसरीवर तुम्ही घ्या. मॅडमना मागे मुलांच्यात बसू द्या. तिसरी ते पाचवीला त्या वेळात वाचन, पाढे, गटकाम द्या; पाचवीतली दोन-तीन मोठी मुलं तेवढा वेळ वर्ग सांभाळतील, तेवढं शिकवून ठेवलं की झालं. दोन खोल्यांमधलं दार उघडं ठेवा. किती दिवस? तीन आठवडे तरी. चौथ्या आठवड्यापासून अर्धा तास तुम्ही आणि अर्धा तास त्या, असं करा.

आणि या तासात चांगलं शिकवायचा प्रयत्न करू नका. म्हणजे असं, की मॅडम बघतायत म्हणून तयारी करून, साहित्य मांडून नमुना पाठ घेऊ नका. रोज घेता तसा घ्या. एखादं पोरगं तुमचंही ऐकणार नाही, एखादी गोष्ट मध्येच फसेल, तुम्हालाही एखादा शब्द सुचणार नाही आणि तुम्ही मुलांनाच विचाराल, "याला तुम्ही काय म्हणता रे?" हे त्यांना दिसलं पाहिजे. चोवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाचाही वर्ग कधीकधी हातातून सुटतो आणि तो परत कसा आणायचा, हे त्यांना आजवर कुणी दाखवलेलं नाही. त्यांना वाटतं, वर्ग आवरत नाही तो फक्त आपल्यालाच.

तुम्ही दारात उभे राहिलात की त्या फळा पुसतात, असं लिहिलंय. ते वाचून माझ्या पोटात कालवलं, कारण ती फळा पुसणारी बाई मी होते. १९८५ साली डोंगरातल्या एका शाळेत माझी पहिली नेमणूक. मुख्याध्यापक हातात हजेरीपट घेऊन दारात उभे राहायचे. एकदा मी फळ्यावर "आशीर्वाद"मधला "शी" ऱ्हस्व लिहिला. ते आत आले, काही न बोलता खडू घेतला, दुरुस्त केला आणि निघून गेले. मुलं हसली. त्या दिवसापासून मी फळ्यावर फक्त तेवढेच शब्द लिहायला लागले जे मला शंभर टक्के येत होते. सहा महिने माझ्या वर्गात एकही नवा शब्द आला नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आज कळतं. शाळा चांगली चालावी एवढंच त्यांना वाटत होतं.

मला त्या शाळेत टिकवलं ते दुसऱ्या एका बाईंनी. पन्नाशीच्या होत्या. शाळा सुटल्यावर त्या स्टोव्हवर चहा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बस. आज माझ्या वर्गात काय फसलं ते ऐक." माझ्याबद्दल विचारायच्या नाहीत. स्वतःचं सांगायच्या. आठ-दहा दिवसांनी मी आपणहून म्हणाले, "बाई, माझ्याकडे पण आज असंच झालं." तिथून माझं शिकवणं सुरू झालं, असं मी मानते.

तेव्हा दारात उभं राहणं आता बंद. वर्गात जायचं असेल तर विचारून जा, आदल्या दिवशी. "उद्या दुसरा तास मी तुमच्याकडे बसू का? दुसरीतला तो अमुक वाचायला का अडतो ते मला बघायचंय." गेल्यावर खुर्चीत बसू नका, मुलांच्यात मांडी घालून बसा. वहीत मॅडमबद्दल एक अक्षरही लिहू नका. मुलांनी काय केलं तेवढंच लिहा. कोण बोललं, कोण अजिबात बोललं नाही, कुणी शेजाऱ्याचं बघून लिहिलं, "समजलं का?" म्हटल्यावर कुणी हो म्हटलं आणि त्याची पाटी कोरीच होती. मग त्याच दिवशी, चहा घेताना, तो कागद दोघांच्या मध्ये ठेवा. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एकजण तो घेतो, बाकीचे वर्गात बसून मुलांकडे बघतात आणि नंतर चर्चा मुलांच्या विचारांवर होते. जुग्यो केनक्यू म्हणतात त्याला. शंभराहून अधिक वर्षांची रीत आहे ती तिथली. आपण नाव नाही दिलं तरी चालेल, पण बोलणं मुलाविषयी झालं की नव्या माणसाचा ताण निम्मा उतरतो, हे मी स्वतः अनेकदा अनुभवलंय.

तुम्ही चार गोष्टी सांगता, त्या मान हलवतात. सर, चार फार झाल्या. ज्याला पाण्यात नीट तरंगताही येत नाही, त्याला काठावरून हात असे मारा, पाय तसे मारा, श्वास असा घ्या हे सगळं एकदम ओरडून सांगितलं तर तो फक्त मान हलवू शकतो. एका आठवड्याला एक गोष्ट. तीही कुठली घ्यायची हे त्यांनाच ठरवू द्या.

कसं बोलायचं याचं एक उदाहरण देते. तिसरीतल्या एका मुलाची वही होती. ४२ वजा १७, उत्तर लिहिलं होतं ३५. नव्या शिक्षिकेनं लाल फुली मारली होती आणि खाली बरोबर उत्तर लिहून दिलं होतं, २५. त्या शाळेतले जुने गुरुजी वही घेऊन तिच्याजवळ गेले. फुलीबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "मॅडम, याचं ३५ कसं आलं असेल हो?" ती बघत राहिली. मग म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून यानं सातातून दोन घालवले!" "मग खालची गणितं बघा बरं." खालची सहाच्या सहा गणितं त्याच पद्धतीनं केलेली. एकही आकडेमोड चुकलेली नव्हती. मुलाचा स्वतःचा एक नियम होता, मोठ्यातून लहान घालवायचं, आणि तो त्यानं अगदी इमानदारीनं पाळला होता. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्यापुढे तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. "यातून मला सतरा दे." त्यानं एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या आणि थांबला. पाच अजून द्यायच्या होत्या. बराच वेळ हातातल्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि मग दातानं सुतळी सोडली. ती शिक्षिका आज स्वतः केंद्रातल्या नव्या लोकांना गणित शिकवते. गुरुजींनी तिला काहीच "सांगितलं" नव्हतं. त्यांनी एक प्रश्न विचारला होता आणि ज्याचं उत्तर त्यांना माहीत होतं ते तिला शोधू दिलं होतं.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. "मोबाइलवरची सगळी कामं त्या झटपट करतात, तेवढाच मला आधार."

मला तुमची अडचण कळते. दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापकाचं काम म्हणजे काय असतं ते मी पाहिलेलं आहे. यूडायस प्लसवर शाळेची माहिती भरणं, आधार पडताळणी, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, व्हॉट्सअॅपवर दुपारी येणारा आणि संध्याकाळपर्यंत हवा असलेला तक्ता, वर कुठला तरी फोटो कुठल्या तरी लिंकवर चढवा. पन्नाशीत डोळे मोबाइलवर ठरत नाहीत. समोर सव्वीस वर्षांची हुशार मुलगी बसलेली असते आणि ती नाही म्हणत नाही. पण सर, ती नाही म्हणणारच कशी? तिची शिक्षणसेविका म्हणून तीन वर्षांची सेवा समाधानकारक झाली असा अहवाल जायचा असेल तर तो तुमच्याच हातून पुढे सरकणार आहे. तिला १६,००० रुपये मानधन आहे. त्यात खोलीचं भाडं, गॅस, दिवाळीला घरी जायचं एसटीचं तिकीट. २०२३ च्या जानेवारीपर्यंत तर प्राथमिकच्या शिक्षणसेवकांना सहा हजारच मिळायचे, त्यामानानं बरं चाललंय असं आपण म्हणतो. पण पूर्ण वेतनश्रेणीतला माणूस आणि ती एकच काम करतात, आणि त्यातलं जे काम तुम्हाला नको असतं ते तिच्याकडे जातं. त्या सरांकडेही गेलं असणार. मला वाटतं "मी एकटाच होतो" या वाक्यात हे आहे. शाळेतली सगळ्यांना नकोशी कामं करायला तो होता आणि त्याचा वर्ग बुडत होता त्याकडे बघायला कुणी नव्हतं.

इंग्लंडमध्ये २०२१ पासून नव्या शिक्षकांसाठी दोन वर्षांची व्यवस्था आहे. पहिल्या वर्षी त्यांचे १० टक्के तास कमी करतात, दुसऱ्या वर्षी ५ टक्के, आणि प्रत्येकाला एक ठरलेला मार्गदर्शक असतो. तिथेही तक्रारी आहेतच. पण नव्या माणसाचं ओझं जुन्यापेक्षा हलकं असावं, हे त्यांनी कागदावर तरी मान्य केलं. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मार्गदर्शनाच्या राष्ट्रीय अभियानाचं कलम आहे, मंठ्यापर्यंत ते जेव्हा पोचेल तेव्हा पोचेल. तुमच्या शाळेत ते उद्या पोचू शकतं. सगळी ऑनलाइन कामं एका कागदावर लिहून काढा आणि निम्म्याहून जास्त परत स्वतःकडे घ्या. येत नसतील तर मॅडमकडून शिका. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, "मला हे शिकवा." यात कमीपणा वाटेल, पहिल्या दिवशी नक्की वाटेल. पण त्यांच्याकडे तुम्हाला देण्यासारखं काही आहे आणि तुम्ही ते मागून घेता, हे दिसलं की तुमच्याकडून घेताना त्यांचीही मान खाली जाणार नाही. एवढी एकच गोष्ट केलीत आणि माझं बाकी सगळं पत्र बाजूला ठेवलंत तरी मला चालेल.

मानधनाचं आणखी एक. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत त्यांचं नाव आलं का, जूनपासूनचे पैसे जमा झाले का, हे आजच विचारा. नवे लोक हे कुणाला सांगत नाहीत, घरून पैसे मागवतात. अडलेलं असेल तर त्यांना एकटं पंचायत समितीत पाठवू नका. तुम्ही बरोबर जा. कुठल्या टेबलाला कुणाशी काय बोलायचं हे चोवीस वर्षांत तुम्हाला कळलंय, त्यांना या थोड्या महिन्यांत कसं कळेल?

शिक्षण परिषदेत त्या बोलत नाहीत याची मात्र काळजी करू नका. केंद्रातल्या दहा-पंधरा शाळांचे शिक्षक, बहुतेक सगळे वयानं मोठे, निम्म्यांचा आवाज मोठा, तिथे पहिल्या वर्षी कोण बोलतं? त्यांना बोलायला लावूही नका. "आता आमच्या नवीन मॅडम दोन शब्द सांगतील" हा प्रकार मी फार पाहिला आहे, त्यातून कुणाचंही भलं होत नाही. त्यापेक्षा परिषदेला जाताना-येताना त्यांची गाठ केंद्रातल्या अशा एखादीशी घालून द्या जी चार-पाच वर्षांपूर्वी अशीच लांबून आली होती आणि आता रुळली आहे. हे फार गरजेचं आहे, कारण काही गोष्टी त्या तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. तुम्ही कितीही चांगले असलात तरी तुम्ही "मुख्याध्यापक सर" आहात. गावात एकटीनं राहताना रात्री काय वाटतं, घरून लग्नाचं काय चाललंय, शाळेत बाईमाणसासाठी वापरता येईल असं कडी-पाण्याचं स्वच्छतागृह आहे की नाही, हे सगळं एक बाई दुसऱ्या बाईलाच सांगते. शेवटचं मात्र तुम्ही विचारायची वाट बघू नका. उद्या सकाळी जाऊन बघा. कडी नसेल तर बसवून घ्या, पाणी नसेल तर सोय करा.

मॅडमना जी कुणी मैत्रीण मिळेल तिला "त्या काय म्हणाल्या?" असं कधी विचारू नका. विचारलंत की ते दारही बंद होईल. केंद्रप्रमुखांनाही सांगून ठेवा, की यंदा भेटीला आलात तर मॅडमच्या वर्गाबद्दल शेरेबुकात लिहायच्या आधी माझ्याशी बोला. चांगले केंद्रप्रमुख हे ऐकतात. तुमचे "सांभाळून घ्या" म्हणणारे आहेत, म्हणजे ऐकतील.

भाषेसाठी त्यांना गुरू शोधायला लांब जायला नको. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि अंगणवाडीची मदतनीस, या दोघींइतकी मदत कुणी करणार नाही. मॅडमना एक छोटी वही करायला सांगा, रोज पाच शब्द. मुलं भाकरीला बाटी म्हणतात, तिथून सुरुवात होऊ दे. मुलं शिक्षक होतील, मॅडम चुकतील, मुलं हसतील आणि दुरुस्त करतील. आपल्या बाईंनाही आपली भाषा शिकायला वेळ लागतोय, हे बघितलेलं मूल मराठी चुकायला कमी घाबरतं. परिपाठाला तुम्ही मुलांना आठवड्यातून एकदा गोरमाटीत गोष्ट सांगू दिलीत तर आणखी बरं.

आणि त्यांना घेऊन तांड्यात जा. नायक, कारभारी या तांड्याच्या प्रमुखांकडे तुम्ही स्वतः ओळख करून द्या, मग घरोघर. त्या एकट्या गेल्या तर "नवीन मॅडम", तुमच्याबरोबर गेल्या तर "आपल्या मॅडम". या फेरीत तुम्हाला एक गोष्ट जुळवता येईल, जी तुमच्या पत्रात होती पण तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. त्या शिरोळच्या आहेत. ऊसपट्ट्यातल्या. लहानपणापासून त्यांनी दिवाळीनंतर शेताच्या कडेला उभ्या राहिलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पाहिल्या असतील, बैलगाड्या, पहाटेची थंडी, पाचटाचा धूर, आणि कोपीपाशी धाकट्या भावंडाला काखेला घेऊन उभी असलेली सात-आठ वर्षांची मुलगी. ती मुलगी कुठून येते हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. आता ती त्यांच्या वर्गात बसलेली आहे. दुसरीत. त्यांच्याशी हे बोला. आईबापांनाही सांगा, की तुम्ही जिकडे ऊस तोडायला जाता तिकडच्याच या. त्या मुलखाची गावं, कारखाने, रस्ते दोघांना माहीत आहेत. बोलायला एवढं पुरतं.

यातूनच शेवटची गोष्ट, आणि तिला घाई आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीचे मुकादम येतील, आईबापांनी उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतील, कोयते म्हणजे तोडणाऱ्या जोड्या निघतील. तुमच्या ४६ पैकी किती पोरं जातात ते तुम्हाला तोंडपाठ असेल. मॅडमना ते कुणी सांगितलंय का? मला शंका आहे. मेहनत करून जेमतेम वाचायला लागलेला वर्ग दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडला आणि निम्म्या जागा रिकाम्या दिसल्या, तर नवीन माणूस काय समजतो माहीत आहे? आपण शिकवलं नाही म्हणून मुलं यायची थांबली, असं समजतो. ते सर वर्षाच्या आत गेले असं तुम्ही लिहिलंय. कोणत्या महिन्यात त्यांचं मन उठलं ते जरा आठवून बघा.

तेव्हा सुट्टी लागायच्या आधी दोघं एकत्र बसा. कुठलं मूल कुणाबरोबर, कुठल्या भागात जाणार, कुणाला आजीपाशी ठेवता येईल, मागे राहणाऱ्यांपैकी कुणासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव द्यायचा, याची यादी करा. यंदा वसतिगृहाचं काय ठरलंय ते तालुक्याच्या गटसाधन केंद्रात आत्ताच विचारून ठेवा, डिसेंबरात विचारून उपयोग नसतो. जी मुलं जाणारच आहेत त्यांची, तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून, शिक्षण हमी कार्डं भरा, आणि ती मॅडमच्या हातानं भरून, त्यांच्या हातानं आईबापांना द्या. कार्डाबरोबर एक पाटी, दोन वह्या, मॅडमचा फोन नंबर. शिरोळकडे जाणारी मुलं असतील तर तिथल्या शाळा मॅडमना माहीत आहेत, कुठे बसवायचं हे त्या सांगू शकतील. बघा, आख्ख्या केंद्रात ही मदत दुसरं कुणी करू शकणार नाही.

दिवाळीला तांड्यावरच्या मुली हातात दिवे घेऊन घरोघर मेरा मागत, म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा देत फिरतात. मॅडमना घरी जायची ओढ असणार, आणि त्यांनी जायलाच हवं, पण जमलं तर तेवढी एक संध्याकाळ राहून मग एसटी धरा असं सुचवून बघा. सुचवाच फक्त. आग्रह नको. राहिल्या तर त्या रात्री तुमच्या घरी जेवायला बोलवा.

मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततील तेव्हा पटावरची किती मुलं वर्गात आली आणि मॅडम कशा आहेत, ते मला कळवा. वाट बघते.

तुमची,
ताई